टकळीवरील सुताचा सांधा

गेल्या पावसाळ्यांत, लावणीच्या ऐन गर्दींत, आमच्या गोठ्यांतील एका बैलाचें नाक चिघळलें. चिखलणीला जुंपतांना तो मान झटकूं लागला, वेसणीकडे हात नेला कीं मागें सरूं लागला. तेव्हां वेसण सैल करून पाहिली, तों नाकाच्या आंतल्या पडद्यास नखाएवढी जखम होऊन तीवर माशा बसूं लागल्या होत्या. वेसण नवी, बाजारांतून आणलेली, वरून दिसावयास मऊ आणि पांढरी स्वच्छ. ती कापून उलगडली असतां असें आढळलें कीं, तिच्या तीन पदरांपैकीं एक मध्येंच संपला होता व त्यास दुसरा तुकडा गांठ मारून जोडला होता. गांठ वरच्या पिळांत दडलेली असल्यामुळें आमच्या डोळ्यांस ती दिसली नाहीं; बैलास मात्र ती रात्रंदिवस घांसत होती. पदरांतील सूतहि आम्ही सोडवून पाहिलें. त्यांतहि वीत-दीड वीत अंतरावर बारीक बारीक गांठी! बारा दिवस तो बैल खुंट्याला उभा राहिला, आणि आमचीं खालचीं दोन खाचरें तेवढ्याच दिवसांनीं उशिरां लागलीं.

ज्यानें ती वेसण विकली त्याच्याशीं भांडावयास आम्ही गेलों नाहीं. वळणाराच्या हातीं जसें सूत येतें तशी तो वेसण वळतो. दोष मुळाशीं कातणाराच्या हातांत होता, आणि तो दोष एकच : त्यास सांधा घेतां येत नव्हता. त्या दिवसापासून आमच्या गोठ्यापुरती वेसण घरच्या सुताची करावयाची असें आम्हीं ठरविलें, आणि त्या निमित्तानें जें शिकलों व चुकलों तें येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

कोणी विचारील कीं, ज्या जिल्ह्यांत शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, जमीन जांभ्या दगडाची व कापूस पिकत नाहीं, तेथील शेतकऱ्यास सूतकताईचा पाठ कशास हवा? कापसाचें पीक रत्नागिरी जिल्ह्यांत नाहीं हें खरेंच. १९८१ सालीं सिंधुदुर्ग निराळा होण्यापूर्वींचा मोठा जिल्हा धरला तरी नाहीं. परंतु परसांत देवकापशीचें एखादें झाड असलेलीं घरें कोंकणांत पुष्कळ होतीं व अद्यापहि कांहीं आहेत. त्या कापसाच्या देवापुढच्या वाती होत, आणि ब्राह्मणांच्या घरीं त्याचेंच जानव्याचें सूत निघे. हें सूत चरख्यावर नव्हे, तर चातीवर किंवा टकळीवर काढीत. बांबूची अगर लोखंडाची वीतभर काडी, तिच्या खालच्या अंगास एखादी जड चकती, आणि वरच्या टोंकास सूत अडकविण्यापुरती खांच, एवढाच तो सरंजाम. चकती पितळेची मिळाली तर उत्तम. नाहीं तर फुटक्या कौलाची किंवा करवंटीची घांसून वाटोळी केलेलीहि चालते. फक्त भोंक बरोबर मध्यावर पाहिजे, नाहीं तर टकळी फिरतांना डुलते आणि सूत एकसारखें उतरत नाहीं.

जानव्याच्या सुतास सांध्याची परीक्षा फार कडक असे. चार बोटांभोंवतीं ९६ वेढे मोजून घ्यावयाचे, तें सूत तिपेडी करून पीळ द्यावयाचा, पुन्हां तिपेडी करून उलट पीळ द्यावयाचा, असे नऊ तंतु झाले म्हणजे शेवटीं ब्रह्मगांठ. त्या गांठीखेरीज दुसरी गांठ जानव्यांत चालत नसे. म्हणजे कातणाराचें सूत मध्यें दहा वेळां तुटलें तरी त्यास तें गांठीवांचून जोडतां आलेंच पाहिजे. ज्या म्हाताऱ्या माणसांनीं हें काम जन्मभर केलें त्यांच्या बोटांत ही विद्या इतकी मुरलेली असे कीं, सांधा कसा घेतां असें विचारल्यास त्यांस सांगतां येत नसे. "असा घ्यायचा," म्हणून ते करून दाखवीत, आणि पाहणाराचा डोळा लवेपर्यंत सांधा होऊन जाई.

पुढें टकळी सर्व जातींच्या व सर्व वयांच्या हातीं आली ती गांधीजींच्या चळवळीमुळें. १९२४ सालच्या बेळगांवच्या काँग्रेसनें सभासदांस दरमहा दोन हजार वार सूत देण्याची अट घातली, १९२५ सालीं अखिल भारत चरखा संघ निघाला, आणि १९२७ च्या मार्च महिन्यांत गांधीजी स्वतः रत्नागिरीस येऊन गेले. १९३७ सालीं वर्धा येथें मूलोद्योगी शिक्षणाची योजना पुढें आल्यावर टकळी शाळांतूनहि शिरली. तथापि शाळेंत टकळी फिरवलेल्या पुष्कळ मंडळींस आम्हीं विचारलें असतां, सूत तुटलें म्हणजे काय करीत होतां, याचें उत्तर बहुधा "गांठ मारीत होतों" असेंच मिळालें. तासास किती तार निघाले याची मोजणी होई. सांधा कोणी तपासीत नसे. आमच्या मतें टकळीची गोडी टिकली नाहीं याचें एक कारण हेंच आहे. गांठाळ सूत विणकरास नको असतें, कारण फणीच्या घरांतून गांठ सरकत नाहीं व ताण्याचा धागा तेथेंच तुटतो. ज्या सुतास कोणी विचारीत नाहीं तें सूत काढण्याचा उत्साह किती दिवस टिकणार?

आतां सांधा धरतो कशानें तें पाहूं. देशी कापसाचा तंतु सुमारें पाऊण इंच लांब असतो, चांगल्या जातीचा इंचभर अगर थोडा अधिक. हे आंखूड तंतु एकमेकांस कोठेंहि चिकटविलेले नसतात. पीळ दिला म्हणजे ते एकमेकांभोंवतीं तिरपे बसतात, आणि सुतास ताण दिला कीं बाहेरचे तंतु आंतल्यांस आवळतात. जितकी ओढ अधिक तितकी मिठी घट्ट. सुंभ जळला तरी पीळ जळत नाहीं असें आपण माणसाविषयीं हिणवून म्हणतों. सुताचा सगळा जीव मात्र त्या पिळांतच आहे. मग जें सूत सबंध लांबीभर पिळानें धरलेलें आहे, तें एका जागीं तुटल्यास तेथेंहि पिळानेंच धरलें पाहिजे. म्हणजे जुन्या टोंकाचे तंतु आणि नव्या कापसाचे तंतु एकमेकांत मिसळून त्यांस एकच पीळ बसला पाहिजे. गांठींत हें होत नाहीं. गांठ मारतांना दोन मेलेलीं टोंकें एकमेकांत अडकवितों, एवढेंच.

याबरोबर दुसरी एक गोष्ट ध्यानांत धरावी, कारण बहुतेक सांधे हिच्या अज्ञानानें बिघडतात. पीळ नेहमीं बारीक जागीं धांवतो. सुतांत एक जागा जाड व तिच्या शेजारची बारीक असेल, तर टकळी कितीहि फिरवा, पीळ बारीक जागीं जाऊन बसेल आणि जाड जागा भुसभुशीत राहील. सांधा मजबूत व्हावा म्हणून नवशिका तेथें कापूस अधिक घालतो. परिणाम उलट होतो. जाड झालेल्या सांध्यास पीळ मिळत नाहीं, म्हणून तो सरकून सुटतो. आणि न सुटला तर त्याच्या शेजारचा बारीक गळा अति पिळानें कडक होऊन तेथें सूत तुटतें. आम्ही स्वतः पहिला महिनाभर याच भ्रमांत होतों. सूत सांध्याच्या शेजारीं तुटे, आणि आम्ही म्हणत असूं, "पाहा, सांधा कसा टिकला!"

प्रत्यक्ष कृति अशी. सूत तुटलें कीं टकळी ताबडतोब थांबवावी. तुटलेलें टोंक टकळीवरून वीतभर उलगडून घ्यावें. टोंकाजवळ जाड गोळा, कचरा अगर कुरळा पडलेला भाग असल्यास तेवढा तोडून टाकावा, पण नखानें किंवा कात्रीनें सरळ कापूं नये. दोन्हीं हातांनीं पीळ उलगडून ओढून तोडावा, म्हणजे टोंक निमुळतें राहतें. नंतर शेवटचीं तीन बोटें लांबी उलट फिरवून पीळ पूर्ण काढावा. तंतु मोकळे होऊन मोरचुलासारखे पसरले पाहिजेत. हें काम फुकट वेळ घालविण्याचें वाटतें, आणि लोक तें येथेंच गाळतात. पण जुन्या टोंकाचा पीळ न काढतां त्यावर नवा कापूस गुंडाळला तर तो काठीवर वेल चढावा तसा वरच्यावर चढतो व ओढतांच पायमोजासारखा सरकून निघतो.

मग डाव्या हातांत पेळू घेऊन त्याच्या तोंडचे तंतु चिमटीनें थोडे ओढून पंख्यासारखे पसरावे. कातणें चालू असतांना पेळू संपत आला तर तो अगदीं संपूं देऊं नये. चार बोटें उरला असतांनाच नवा पेळू त्यावर आडवा न धरतां त्याच दिशेनें लांबोळा धरावा. जुनें मोकळें टोंक त्या पंख्यावर सुमारें दोन इंच येईल असें ठेवावें. अर्धे तंतु जुने, अर्धे नवे. दोन्हींची मिळून जाडी मूळ सुताएवढी. दोन इंच कां, तर तंतु पाऊण-एक इंचाचा असल्यामुळें प्रत्येक तंतूचीं दोन्हीं टोंकें दुसऱ्या बाजूच्या तंतूंत सांपडावयास तेवढी लांबी लागते. अर्ध्या इंचाचा सांधा दिसावयास सुबक असतो, पण त्यांत पुष्कळ तंतूंचें एकच टोंक धरलेलें असतें.

आतां डाव्या चिमटीनें हा जोड हलकेच धरून ठेवावा आणि उजव्या हातानें टकळी फिरवावी. पूर्वीं ज्या दिशेनें फिरत होती त्याच दिशेनें, हें सांगणें नको. तरी सांगतों, कारण आमच्या घरीं एक मुलगा डावखुरा आहे व त्याचा पीळ उलटा पडतो. त्यानें दुसऱ्याची टकळी उचलली कीं प्रत्येक सांधा आपोआप उलगडे, आणि दोष कापसाला लागे. टकळी फिरूं लागली म्हणजे पीळ चिमटीपर्यंत चढून थांबतो. चिमटी एकदम सोडूं नये. बोटभर मागें सरकवावी, तेवढ्या भागांत पीळ शिरूं द्यावा, पुन्हां बोटभर मागें. पीळ सांध्यावरून पलीकडे गेला कीं मगच ओढ द्यावी, तीहि अगदीं हलकी, म्हणजे सांध्यांतील राहिलासाहिला जाडपणा ओढींत पातळ होतो. शेवटीं दोन्हीं हातांत सूत धरून एक बारीक हिसका द्यावा. जो सांधा सुटावयाचा तो तेथेंच सुटूं दे. वेसणींत गेल्यावर तो सुटलेला आपणांस कळतहि नाहीं.

थुंकी लावून सांधा चोळण्याची संवय पुष्कळांस असते. घाटावरचे धनगर लोकर कातून घोंगड्या करतात, त्यांच्या कामीं ओल उपयोगी पडते. कारण लोकरीच्या केसावर बारीक खवले असतात आणि ओलावून चोळलें कीं ते एकमेकांत गुंततात. कापसाच्या तंतूस खवले नाहींत. थुंकीनें तो घटकाभर चिकटतो व वाळला कीं पूर्ववत् होतो.

ओलीची गोष्ट निघाली म्हणून आमच्या हवेविषयीं दोन शब्द. कापूस हवेंतील ओल शोषून घेतो. साधारण कोरडा दिसणारा कापूसहि आपल्या वजनाच्या सुमारें साडेआठ टक्के पाणी बाळगून असतो. आषाढ-श्रावणांत आमच्याकडे ही ओल इतकी वाढते कीं, पेळू हातास जड लागतो, तंतु एकमेकांवरून सरकत नाहींत, आणि ओढतांना कापूस गोळ्यागोळ्यांनीं येतो. अशा दिवसांत पेळू घट्ट झांकणाच्या डब्यांत घालून चुलीजवळच्या फळीवर ठेवावे व लागतील तेवढेच बाहेर काढावे. उलट वैशाखांतल्या दुपारीं तंतु रुसल्यासारखे उडूं लागतात, सांधा धरीत नाहींत. तेव्हां पहांटे कातावें. बोंडें वेंचण्याचा व पिंजण्याचा काळहि पाऊस सरल्यानंतरचाच बरा. सरकी काढतांना तिचा चुरा राहिला, किंवा पिंजतांना गुठळ्या राहिल्या, तर पुढें कितीहि कुशल हात असला तरी सांध्यांची संख्या दुप्पट होते. दहा वेळां सांधा शिकण्यापेक्षां एकदां कापूस नीट पिंजलेला बरा.

कापसाचा हा नियम आपल्या ओळखीच्या दुसऱ्या तंतूंसहि लागू आहे, फक्त माप बदलतें. आमच्या किनाऱ्यावरील गाबीत, खारवी, भोई, दालदी वगैरे मच्छीमार लोक नायलॉन येण्यापूर्वीं तागाच्या सुताचीं जाळीं घरीं विणीत, आणि तीं टिकावीं म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यांत बुडवीत. १९६० च्या सुमारास व पुढें तीं जाळीं मागें पडलीं, पण तागाचा सांधा कसा घ्यावा हें त्या जुन्या जाळ्यांवरून शिकण्यासारखें होतें. तागाचा धागा हात-दोन हात लांब. म्हणून सांध्याची लांबीहि हातभर. सगळा नवा ताग एकाच जागीं न घालतां एक-एक झुबका निरनिराळ्या अंतरावर मिळवीत जावयाचा. असें केल्यास सांधा कोठें आहे हें बोटास लागत नाहीं.

काथ्याचा तंतु सहा ते दहा इंच. सोडणें खाडीच्या चिखलांत महिनोंमहिने कुजवून, कुटून, धुऊन काढलेल्या या तंतूस टकळी लागत नाहीं. तळहातांवर किंवा मांडीवर दोन पदर वळीत सुंभ होतो. येथें लक्षांत ठेवावयाची गोष्ट एवढीच कीं, दोन्हीं पदरांत नवा काथ्या एकाच ठिकाणीं मिळवूं नये. एका पदराचा सांधा झाल्यावर निदान दीड वीत गेल्याखेरीज दुसऱ्याचा घेऊं नये. विहिरीच्या रहाटाचे, होडीचे व माडावर चढावयाचे दोर याच कारणानें धोक्याचे होतात : दोर मधल्या मधें तुटला म्हणजे पाहावें, दोन्हीं पदरांचीं टोंकें एका जागीं सांपडतात. ज्या दोरावर माणसाचा भार पडावयाचा तो विकत घेतांना निदान हातभर उकलून पाहावा, एवढें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. विकणारा रागावल्यास रागावो.

नायलॉनचा दोर स्वस्त व टिकाऊ आहे हें आम्ही नाकारीत नाहीं, आणि गवताचे भारे बांधावयास आम्हीहि तो वापरतों. परंतु बैलाच्या नाकांत तो घालूं नये. तो कापसाइतकी ओल शोषीत नाहीं, घामानें मऊ पडत नाहीं, आणि त्याची कड कातडीस कापते.

आतां वेसणीचा हिशेब. पेन्सिलीएवढी जाड व चार हात लांब वेसण करावयास आम्हांस सुमारें पांच तोळे, म्हणजे ५८ ग्रॅम सूत लागलें. सूत आठ नंबरचें पुरे. याहून बारीक काढण्यांत श्रम व्यर्थ जातात. आठ नंबर म्हणजे एका पौंडांत ८४० वारांच्या आठ लडी, त्या हिशेबानें पांच तोळ्यांचें सूत ८६० वारांच्या आसपास होतें. जुन्या चरखा संघाच्या मापानें ही जवळ जवळ एक गुंडी झाली, कारण त्यांची गुंडी चार फुटांच्या ६४० तारांची, म्हणजे ८५३ वारांची असे. एका पेळूंत दीड ग्रॅम कापूस धरला तर या कामास चाळीस पेळू लागतात. अर्थात् सूत एकदांहि न तुटलें तरी चाळीस सांधे घ्यावेच लागतात, आणि आमच्यासारख्याचें तें तुटल्यावांचून राहत नाहीं. पहिल्या वेसणीस आम्हीं मोजून एकशें सात सांधे घेतले. दुसरीस एकसष्ट.

सूत झालें कीं तें तीन सारख्या भागांत वांटून प्रत्येक भागाचा एक पदर, कातलेल्या दिशेच्या उलट पिळानें, वळावा. सूत चार हातांच्या फेऱ्यांनीं खुंट्यांभोंवतीं फिरवून घेतलें म्हणजे पदर मध्यें कोठें जोडण्याचा प्रसंगच येत नाहीं. परंतु दोन हात लांबीच जागेअभावीं मिळत असेल तर पदराचें टोंक सोडवून, त्यांतील सुतें पायरीपायरीनें आंखूड-लांब करून, दुसऱ्या पदराच्या तशाच टोंकांत वीतभर मिसळावीं. तीन पदरांचे असे जोड एकमेकांपासून वीतभर दूर ठेवावे, आणि नाकांतून जाणाऱ्या मधल्या अर्ध्या हातांत एकहि येऊं देऊं नये. तेवढ्या भागावर खुणेची शाई लावून ठेवली तर वळतांना विसर पडत नाहीं. मग तिन्हीं पदर एकत्र करून पुन्हां उलट पीळ द्यावा, वेसण रात्रभर पाण्यांत भिजवून दुसऱ्या दिवशीं खुंट्यांमध्यें ताणून सावलींत वाळवावी, आणि मधला भाग खोबरेल तेलाच्या बोटानें दोन-तीन वेळां चोळावा.

नाकांत घालण्यापूर्वीं आम्ही तो मधला भाग ओठांवरून ओढून पाहतों. बोटांची कातडी शेतकामानें जाड झालेली असते, तिला बारीक गांठ लागत नाहीं. ओठास ती लागते. आमच्या त्या बैलाची जखम आश्विनांत भरून आली व दिवाळीनंतर त्यास नवी वेसण घातली. पहिले दोन दिवस तो जुन्या संवयीनें मान झटकीत होता. तिसऱ्या दिवशीं उभ्यानें रवंथ करूं लागला.